घरी मीड लावताना: पहिल्या आठवड्यापासून बाटलीपर्यंत

घरी मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, किंवा बिअर करणारी माणसे एकत्र आली की ‘सध्या काय लावलं आहे?’ हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते. ‘पाच लिटर मीड आहे, तीन आठवडे झाले, बुडबुडे थांबले आहेत’ एवढ्या माहितीवर अनुभवी माणूससुद्धा काही सांगू शकत नाही. बुडबुडे थांबले याचा अर्थ साखर संपली असा असू शकतो, यीस्ट अर्ध्या वाटेत दमले असा असू शकतो, किंवा बादलीचे झाकण नीट बसलेले नाही एवढाच असू शकतो. हेच जर ‘घनता १.०८८ वर सुरू केली, यीस्ट ७१बी, तापमान १८ अंश, खाद्य एकदाच दिले, आज १.०२६’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला दुखणे कुठे आहे ते लगेच कळते. पुढील मार्गदर्शन साडेचार लिटरच्या एका साध्या मीडसाठी आहे. मीडचे बरेवाईट पहिल्या आठवड्यातच ठरते आणि त्या आठवड्यात काय घडले हे केवळ लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून कळते, अशी माझी खात्री असल्यामुळे कृतीबरोबर नोंदींवरही मी भर दिला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी आपण राहतो तेथील कायदा पाहावा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि ‘घरापुरतेच केले’ हा त्यावर बचाव होत नाही. तेथील वाचकांनी पुण्याची मूनशाइन किंवा नाशिकची सेराना अशा परवानाधारक उत्पादकांची मीड चाखून पाहावी. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, आणि स्वतःच्या घरापुरती बिअर, वाइन वा मीड तेथे करता येते. विकता मात्र येत नाही. अमेरिकेत घरच्या बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन ही तेथील मर्यादा आहे. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत ही मुभा दिली नव्हती, म्हणून देशाबरोबर राज्याचा नियमही पाहणे योग्य. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून दारू गाळणे, या दोन्ही देशांत परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे आणि त्याचा या लेखाशी संबंध नाही.

आपल्याकडच्या मंडळींना येथे एक भीती असते व ती निराधार नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. ते बळी मिथेनॉलचे होते, आणि अशा दुर्घटनांत मिथेनॉल बाहेरून मिसळलेले असते. मध, पाणी आणि यीस्ट यांच्या साध्या आंबवणीत मिथेनॉल घातक प्रमाणात तयार होत नाही. घरच्या मीडमधला खरा धोका वेगळा आहे: साखर शिल्लक असताना आणि यीस्ट जिवंत असताना बाटली बंद केली, तर ती फुटते. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगितले आहे.

साहित्य आणि स्वच्छता

मध १ किलो ३६० ग्रॅम, म्हणजे ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या ४५४ ग्रॅमच्या तीन बरण्या, आणि सगळे मिळून साडेचार लिटर होईल इतके पाणी. पहिल्या टप्प्यासाठी आठ ते दहा लिटरची, खाद्यपदार्थांसाठी चालणारी झाकणाची प्लॅस्टिक बादली घ्यावी. अनेक जण सुरुवातीपासूनच अरुंद तोंडाची काचेची डेमिजॉन वापरतात, पण तिच्यात ढवळता येत नाही आणि फेस उतू जातो, म्हणून डेमिजॉन दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावी. हायड्रोमीटर (पाण्याची घनता १.००० धरून द्रावणाची घनता, म्हणजेच त्यातल्या साखरेचा अंदाज, दाखवणारे उपकरण) आणि त्याची उभी नळी, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, थर्मामीटर, सायफनची नळी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) आणि त्याला बसणारे बूच एवढ्यावर काम भागते. यांपैकी काही टाळायचेच असेल तर काहीही टाळावे, पण हायड्रोमीटर टाळू नये.

भांडी धुणे आणि भांडी निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले नीट झाल्याशिवाय दुसरे होत नाही, कारण चिकटलेल्या थराखाली निर्जंतुक करणारे द्रव्य पोहोचत नाही. आधी सोडियम परकार्बोनेटने किंवा साध्या, वास नसलेल्या साबणाने धुऊन खळबळून घ्यावे, मग स्टार सॅनसारखे आम्लयुक्त द्रव्य लिटरला सुमारे दीड मिलिलिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून प्रत्येक वस्तू त्यात किमान एक मिनिट ओली ठेवावी. ते पुन्हा धुवायचे नसते, आणि मागे राहिलेल्या फेसाने मीडला काही होत नाही. घरातले ब्लीच वापरले तर मात्र ते अनेक पाण्यांनी धुऊन काढावे लागते, म्हणून मी ते सुचवत नाही. लाकडी रवी आणि लाकडी डाव यांना बारीक चिरा असतात व ते पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. स्टीलची फेटणी घ्यावी.

नळाचे पाणी पिण्याजोगे असेल तर मीडलाही चालते. अनेक शहरांत पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असते व ते पाणी रात्रभर उघडे ठेवून उडून जात नाही. कॅम्पडेन गोळीचा, म्हणजे सल्फाइटच्या गोळीचा, लहानसा तुकडा कुस्करून टाकल्यास दोन्ही निष्प्रभ होतात. डिस्टिल्ड पाणी वापरू नये, कारण यीस्टला लागणारी खनिजे त्यात नसतात.

मधाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या बॅचला महागडा मध घालू नये. आंबताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मधाचा बराचसा सुगंध आपल्याबरोबर घेऊन जातो. कोणी गावाहून महाबळेश्वरचा जांभळाचा मध पाठवला असेल, किंवा सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध हाती आला असेल, तर तो शेवटी गोडी आणण्यासाठी राखून ठेवावा. त्या टप्प्यावर घातलेला थोडासा मधही आपला वास टिकवून ठेवतो. सातेरी माश्यांच्या मधात पाण्याचा अंश अनेकदा जास्त असतो, त्यामुळे तोच मध आंबवायला घेतल्यास नुसत्या वजनावर विसंबू नये. घनता मोजून मगच मध वाढवावा किंवा कमी करावा.

पहिला दिवस

मध उकळण्याची गरज नाही. उकळल्याने सुगंध जातो आणि बदल्यात काही मिळत नाही, कारण मधातल्या तीव्र साखरेमुळे त्यात सहसा काही वाढत नाही आणि पाणी घातल्यावर आपण टाकलेले भरघोस यीस्ट इतरांना जागा देत नाही. मध साखरला असेल तर बरणी ४० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्यावा. बादलीत थोडे पाणी आणि सगळा मध घालून फेटणीने चांगली पाच मिनिटे फेटावे, मग उरलेले पाणी घालून साडेचार लिटरची खूण गाठावी आणि पुन्हा फेटावे. या फेटण्यात दोन कामे होतात. यीस्टला सुरुवातीला लागणारा ऑक्सिजन द्रावणात शिरतो आणि मध तळाशी बसून राहत नाही. मध नीट मिसळला नसेल तर वरच्या पाण्याची घनता १.०६० भरते आणि तळाशी घट्ट पाक असतो. मग पहिलाच आकडा खोटा ठरतो आणि त्यावर आधारलेला पुढचा सगळा हिशेब चुकतो.

घनता मोजताना नळीत द्रावण काठोकाठ घ्यावे, हायड्रोमीटर अलगद सोडून बोटांनी एक गिरकी द्यावी, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. तो स्थिर झाला की डोळे द्रवाच्या पातळीला आणावेत. काचेलगत द्रव किंचित वर चढलेला दिसतो. तो आकडा घ्यायचा नाही, मधल्या सपाट पातळीचा घ्यायचा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात, आणि द्रावण ३० अंशांवर असेल तर ते खऱ्यापेक्षा सुमारे ०.००२ ते ०.००३ कमी दाखवतात. आपल्या प्रमाणात आकडा १.०८८ च्या आसपास यायला हवा. सुरुवातीच्या घनतेतून शेवटची वजा करून १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलची अंदाजे टक्केवारी निघते. ही मीड ०.९९८ पर्यंत उतरली तर ती ११.८ टक्के येते.

यीस्टसाठी ७१बी मला नवशिक्यांना सर्वांत योग्य वाटते. ते साधारण १५ ते ३० अंशांत काम करते, १४ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरते, त्याची खाद्याची मागणी कमी असते आणि फळांसारखा मोकळा वास देते. डी-४७ चे कौतुक बरेच ऐकू येते, पण ते २० अंशांच्या वर गेले की मीडला घशाला चरचरणारी तिखट चव येते, त्यामुळे ज्याच्या घरात तापमान सांभाळता येत नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ईसी-१११८ काहीही आंबवते आणि १८ टक्क्यांपर्यंत जाते. पण ज्या घरात मीड गोडसर ठेवायची आहे तेथे हा गुण गैरसोयीचा ठरतो.

सुके यीस्ट थेट टाकले तरी चालते, पण पाण्यात जागे करून घेणे अधिक चांगले. ५ ग्रॅमच्या एका पाकिटासाठी ६ ग्रॅम गो-फर्म (सुके यीस्ट जागे करताना द्यायचे पोषक द्रव्य) सव्वाशे मिलिलिटर, सुमारे ४० अंशांच्या पाण्यात विरघळवावे, यीस्ट वर भुरभुरावे आणि पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. मग बादलीतले थोडे थोडे द्रावण त्यात घालत दोन्हींच्या तापमानातला फरक १० अंशांच्या आत आणून ते बादलीत ओतावे. विरजण लावताना दूध किती कोमट हवे हे हाताला कळावे लागते तसेच हेही आहे. एकदम थंड द्रावणात पडलेले यीस्ट मोठ्या संख्येने मरते, आणि उरलेले रडतखडत काम करते.

खाद्य, हवा आणि तापमान

मीड आणि बिअर यांच्यात सर्वांत मोठा फरक येथे आहे. बिअरच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूत, यीस्टला लागणारा नायट्रोजन मुबलक असतो, मधात तो जवळजवळ नसतो. त्यामुळे मधाच्या पाण्यात यीस्टसमोर साखरेचा डोंगर असतो आणि पेशी बांधायला सामग्री नसते. मग ते कुढते, कुजक्या अंड्यासारखा वास सोडते आणि मध्येच थांबते. ‘मीड दोन वर्षे मुरवल्याशिवाय पिता येत नाही’ हा जो समज पसरला आहे, त्यामागे बहुतेक वेळा उपाशी ठेवलेल्या यीस्टने निर्माण केलेली बोचरी चव असते. नीट खाऊ घातलेली, थंड ठेवलेली मीड काही महिन्यांत पिण्याजोगी होते.

खाद्य एकाच वेळी न देता चार हप्त्यांत द्यावे. साडेचार लिटर, १.०८८ घनता आणि ७१बी यांसाठी फर्मेड-ओ एकूण ४ ग्रॅम पुरते: यीस्ट टाकल्यापासून २४, ४८ आणि ७२ तासांनी प्रत्येकी १ ग्रॅम, आणि चौथा ग्रॅम एक तृतीयांश साखर संपल्यावर, म्हणजे घनता १.०५९ च्या जवळ आल्यावर, किंवा सातव्या दिवशी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. फर्मेड-के आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) ही वेगळी द्रव्ये आहेत. त्यांतला नायट्रोजन वेगळ्या प्रकारचा आणि वेगळ्या प्रमाणात असतो, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम अशी अदलाबदल करू नये. अल्कोहोल ९ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर यीस्ट हे खाद्य नीट घेऊ शकत नाही आणि उरलेल्या खाद्यावर नको ते जंतू पोसले जातात, म्हणून उशिरा ‘थोडे आणखी घालून पाहू’ हा मोह आवरावा.

खाद्य घालण्याची रीत महत्त्वाची आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बादलीतले द्रावण कार्बन डायऑक्साइडने काठोकाठ भरलेले असते. अशा वेळी कोरडी पूड टाकली की तिच्या प्रत्येक कणाभोवती वायू सुटतो, फेसाचा लोट दोन-तीन सेकंदांत काठावर येतो आणि चिकट पाक ओट्यावरून जमिनीवर उतरतो. म्हणून आधी निर्जंतुक फेटणीने अगदी हळू ढवळून वायू मोकळा करावा, सुरुवातीला सळसळ ऐकू येते ती शांत होऊ द्यावी, ढवळण्याचा वेग मग वाढवावा, आणि पूड दोन चमचे पाण्यात कालवून घालावी. एक तृतीयांश टप्पा येईपर्यंत दिवसातून दोनदा असे ढवळावे. या काळात शिरलेली हवा यीस्टच्या उपयोगी पडते. त्या टप्प्यानंतर मात्र हवा शत्रू होते. तेव्हापासून झाकण विनाकारण उघडू नये आणि फेटणी बाजूला ठेवून द्यावी.

तापमान १६ ते २० अंशांत ठेवावे, आणि ते खोलीचे नसून द्रावणाचे असावे, कारण आंबवण जोरात असताना बादलीतले तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी वर असते. उन्हाळ्यात बादली पाण्याने भरलेल्या टबात ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या आलटून पालटून टाकल्या की बरेच साधते. पहिले चार दिवस हे कसोशीने करावे. नंतर तापमान थोडे वर गेले तरी फारसे बिघडत नाही.

एवढे करूनही घनता उतरेनाशी झाली तर आम्लता तपासावी. मधाच्या पाण्यात आम्लतेचा चढउतार सोसण्याची ताकद कमी असते आणि पीएच कधी कधी ३ च्या खाली घसरतो, मग यीस्टचे काम थंडावते. पोटॅशियम बायकार्बोनेट एक ग्रॅम पाण्यात मिसळून घालावे, ढवळून पुन्हा मोजावे आणि ३.५ च्या आसपास आल्यावर थांबावे. यानेही फेस येतो, तेव्हा सावकाश घालावे. कुजक्या अंड्याचा वास पहिल्या आठवड्यात आला तर ढवळणे आणि वेळेवर खाद्य यांनी तो बहुधा निघून जातो. पृष्ठभागावर फेसाचे बेट, तपकिरी कडा किंवा यीस्टचे तरंगते पुंजके दिसले तर ते नेहमीचे आहेत. केसाळ, हिरवट किंवा काळी वाढ ही बुरशी असते, आणि ती वरून काढून चालत नाही; ती बॅच ओतून द्यावी.

निवळणे आणि गोडी

एअरलॉकमधले बुडबुडे मोजण्यात वेळ घालवू नये. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले, आणि तेही १.००० च्या आसपास किंवा खाली, तर आंबवण संपली असे समजावे. मग बादली आदल्या दिवशी उंचावर ठेवावी, म्हणजे हलवल्याने उठलेला साका पुन्हा बसतो, आणि सायफनने वरची मीड डेमिजॉनमध्ये घ्यावी. नळीचे टोक डेमिजॉनच्या तळाला टेकलेले असावे, कारण वरून धार पडली की हवा मिसळते आणि काही महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. डेमिजॉन मानेपर्यंत भरलेली हवी. थोडी कमी भरली तर लहान बाटली वापरणे हे पाणी घालण्यापेक्षा बरे. थंड जागी ठेवल्यास बहुतेक मीड एक-दोन महिन्यांत आपोआप निवळते. घाई असेल तर बेंटोनाइट, म्हणजे गढूळपणा खाली बसवणारी माती, आहे, पण मला तरी घाईचे कारण दिसत नाही.

कोरडी मीड अनेकांना पहिल्या घोटात रिकामी वाटते. तिला गोडी आणायची असेल तर आधी यीस्टचा बंदोबस्त करावा. साडेचार लिटरला एक कॅम्पडेन गोळी आणि साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा, पोटॅशियम सॉर्बेट घालून एक दिवस थांबावे. पाकिटावर वेगळे प्रमाण दिले असल्यास ते पाळावे. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ रोखते, म्हणून ते निवळलेल्या मीडमध्येच घालायचे असते. गढूळ, आंबत्या मीडमध्ये त्याचा उपयोग नाही. त्यानंतर राखून ठेवलेला चांगला मध घालावा. ०.९९८ वरून १.०१० पर्यंत यायला सुमारे १८० ग्रॅम लागतो, पण एकदम न घालता शंभर ग्रॅमपासून चव घेत जावे. पुन्हा आठवडाभर थांबून घनता हलली नाही ना हे पाहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. बाटली फुटण्याचे प्रकार बहुतेक याच आठवड्यात केलेल्या घाईतून होतात, आणि काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर त्यावर उपाय नसतो.

फळे घालायची तर ती या दुसऱ्या टप्प्यात घालावीत, पण गोडी आणण्याच्या आधी. आपल्या माणसांना आंबा आणि कोकम हटकून सुचतात आणि दोन्ही मीडला शोभतात. डब्यातला हापूसचा रस घेताना डब्यावरचा मजकूर वाचावा: त्यात साखर मिसळलेली असते आणि ती आंबून अल्कोहोल वाढते, तर सोडियम बेंझोएट किंवा सॉर्बेट असेल तर यीस्ट अडते. आंब्याच्या गराचा साका जाड बसतो व बरीच मीड त्यात अडकते, म्हणून सुरुवातीलाच थोडी जास्त लावावी. कोकमाचे आगळ वापरू नये, त्यात मीठ असते; आमसुलांनाही अनेकदा मीठ लावलेले असते. बिनमिठाचे वाळवलेले कोकम साडेचार लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम घालून चार दिवसांनी चव घ्यावी. रंग सुंदर येतोच, शिवाय मधाला जी आंबट धार नसते ती मिळते.

मीड मुरत असताना हात स्वस्थ बसत नाहीत आणि झाकण उघडून पाहावेसे वाटते. त्यावर माझा सल्ला असा की शेजारी एक बिअर लावावी. १.३ किलो सुके माल्ट एक्स्ट्रॅक्ट १० लिटरला घेतले की घनता १.०४८ च्या आसपास येते. तासभर हॉप्ससह (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांसह) उकळून, झटपट गार करून, सॅफेल यूएस-०५ हे यीस्ट १८ ते २० अंशांवर टाकावे. दोन आठवड्यांत ती १.०११ च्या आसपास स्थिरावते, लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बिअरच्याच जाड बाटल्यांत भरावी, आणि आणखी दोन आठवड्यांत ती फेसाळ होते. मीडला हात न लावता काही महिने काढायला याहून चांगली सोय मला ठाऊक नाही.

नोंद आणि देवाणघेवाण

वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येक बॅचला एक पान द्यावे आणि ते अशा रीतीने लिहावे की दुसऱ्याला न विचारता वाचता यावे. ‘पारंपरिक मीड, ४.५ लिटर. रानफुलांचा मध १.३६ किलो, नळाचे पाणी, कॅम्पडेनचा तुकडा. ७१बी ५ ग्रॅम, गो-फर्मसह. सुरुवात १.०८८, द्रावण २१ अंश. २४ तास: १.०८४, १९ अंश, खाद्य १ ग्रॅम, वास पावासारखा. ४८ तास: १.०७५, १९ अंश, खाद्य १ ग्रॅम, किंचित गंधकाचा वास, ढवळल्यावर गेला.’ असे लिहिले की सल्ला मागणे सोपे होते आणि पुढच्या वेळी तीच मीड पुन्हा करता येते. वासाची नोंद अनेक जण गाळतात, पण ती आकड्यांइतकीच उपयोगी पडते. अंदाज आणि मोजमाप यांत गल्लत करू नये: घनता घेतली नसेल तर ‘घेतली नाही’ असेच लिहावे.

सल्ला मागताना ‘चांगली झाली आहे का?’ असे विचारले तर ओळखीची माणसे होच म्हणतात. त्याऐवजी ‘गिळल्यावर घसा गरम होतो का, आंबटपणा कमी पडतो का, मधाचा वास शेवटपर्यंत टिकतो का’ असे विचारावे. गरमपणा असेल तर तापमान किंवा खाद्य चुकले होते. पोकळपणा असेल तर आम्ल किंवा थोडी गोडी हवी होती. व्हिनेगरची झाक असेल तर हवा शिरली होती. अमेरिकेत ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मीड दिन पाळला जातो, आणि हिवाळ्यात लावलेली बॅच तोपर्यंत दाखवण्याजोगी होते.

दुसऱ्या मीडकऱ्याला शक्य असल्यास दोन बाटल्या द्याव्यात, एक लगेच उघडण्यासाठी आणि एक सहा महिन्यांनी, आणि दोन्ही वेळचे मत लिहून मागावे. बाटलीच्या चिठ्ठीवर लावल्याची आणि भरल्याची तारीख, सुरुवातीची आणि शेवटची घनता, अल्कोहोलची टक्केवारी, मध व फळ यांची नावे, आणि कॅम्पडेन घातले असल्यास ‘सल्फाइट आहे’ हे न विसरता लिहावे, कारण दमा असलेल्या काही माणसांना ते सोसत नाही.